चौदा वेळा बेल्ला

मंगळवार, १४ जानेवारी

आज स्कॅन झाला. पेशंट मिसेस रोझाना टेडाल्डी, वय एक्याऐंशी. त्वचेच्या कॅन्सरमुळे गेल्या वर्षी उजवा कान पूर्ण काढावा लागला. जखम उत्तम भरली आहे. तिथे बसवायचा सिलिकॉनचा कान आता मी करायचा. पहिल्या मापापासून शेवटच्या रंगापर्यंत एकटीने करायची ही माझी पहिली केस. पंचवीस मार्चला बाहेरचे दोन परीक्षक कार्डिफला येतील आणि या एका कानावरून ठरवतील की मी पात्र तंत्रज्ञ आहे की नाही. माझं कंत्राट ऑगस्टमध्ये संपतं. पात्र नसलेल्या माणसाचं ते वाढवत नाहीत.

हे आधी लिहून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून मलाच कधीतरी वाटेल की मी क्षुल्लक गोष्टीवर चिडले होते.

बाई आल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, "बेल्ला!" मी नाव सांगितलं, "उर्वी." "उर्वी, बेल्ला!" मग स्कॅनर बेल्ला. रिसेप्शनवरच्या मुलीची नखं बेल्ला. माझा वरिष्ठ ह्यू आत डोकावला, तर त्याचं टक्कल बेल्ला. खिडकीतून दिसणारा कारपार्कसुद्धा, कारण त्यावर ऊन पडलं होतं. चाळीस मिनिटांत चौदा वेळा. मी मोजलं.

शब्द इटालियन आहे, अर्थ सुंदर, एवढं मला ठाऊक आहे. बाईंचे आजोबा इटलीतून वेल्समध्ये आले आणि त्यांनी कॅफे काढला. ती हकीकत बाईंनी सांगितली, तीही बेल्ला. पण जो शब्द कारपार्कला चालतो तोच मला चालत असेल, तर त्यात माझ्याविषयीची माहिती शून्य आहे. हे मी कुणाला बोलले नाही. फक्त ओठ मिटून काम केलं.

पद्धत नेहमीची. डावा कान स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर त्याची आरशातली प्रतिमा काढायची, तोच उजवा. मध्येच बाई सांगू लागल्या, "मार्को सहा महिन्यांचा होता ना, तेव्हा..." जबडा हलला की कान हलतो. मी म्हटलं, "प्लीज, दोन मिनिटं बोलू नका." त्या गप्प बसल्या. नंतर विचारायचं राहिलं. पुढचा पेशंट बाहेर बसला होता.

स्कॅन स्वच्छ आला. चूक ०.१ मिलिमीटरच्या आत.


मंगळवार, २१ जानेवारी

मेणाचा कान लावून पाहिला. मेण आहे तोवरच बदल करता येतात. एकदा सिलिकॉन ओतलं की कड थोडी घासता येते, बाकी संपलं. म्हणून या भेटीत चूक काढणं हे पेशंटचं काम असतं, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

"यात काय चुकलंय ते सांगा."

"बेल्ला!"

"जागा बरोबर आहे? वर हवाय, की थोडा मागे?"

"बेल्ला आहे गं."

"मिसेस टेडाल्डी, तुम्ही चूक सांगितलीत तर मला मदत होईल."

"नसलेली चूक कुठून आणू?" असं म्हणून हसल्या. मग कान हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. अंगठ्याने पाळी चोळत होत्या, एकाच जागी, मधोमध. हाताच्या उबेने मेण दबलं आणि खाच पडली. ती मला नंतर गरम चाकूने भरून काढावी लागली. पेशंटच्या हातात मेण देऊ नये, अशी ओळ आमच्या कार्यपद्धतीत घालण्याची सूचना मी करणार आहे.

त्या गेल्यावर ह्यू म्हणाला, "कुणी छान म्हटलं तर थँक यू म्हणायचं असतं, उर्वी. दोनच शब्द आहेत."

"छान ही माहिती नाही."

"माहिती नाहीच ती. प्रेझेंट आहे."

मी दहा वर्षांची होते तेव्हापासून या देशात आहे. इथे तुम्ही दार उघडं धरलंत तर लव्हली, फॉर्म भरून दिलात तर ब्रिलियंट, उशिरा आलेली बस एकदाची आली तर तीही लव्हली. इतकं वाटत सुटल्यावर त्या शब्दाला वजन उरेल कसं? आमच्या घरी बाबांनी कधी कशाला छान म्हटलेलं मला आठवत नाही. गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा त्यांनी पेपर मागितला आणि राहिलेल्या दोन मार्कांचं उदाहरण माझ्याकडून सोडवून घेतलं. मला ते आजही बरोबर वाटतं. ते उदाहरण माझं पुन्हा कधी चुकलं नाही.


रविवार, २ फेब्रुवारी

इल्फर्डला आईबाबांना फोन. कान ओतून झाला आहे, वरचा रंग बाकी आहे. टेबलावर ठेवून काढलेला फोटो मी आईबाबांना बुधवारी पाठवला होता. कुणाचा ते सांगितलं नव्हतं.

बाबा निवृत्त कान-नाक-घसातज्ज्ञ आहेत. आधी साताऱ्याला, मग एसेक्समध्ये, मिळून अडतीस वर्षं. फोनवर पहिलं वाक्य, "वरची कड जाड झालीय."

मी सकाळी जाऊन मोजली होती. ०.३ मिलिमीटर जास्त. त्यांचं बरोबर होतं. हे मला चालतं.

मग आईने फोन घेतला. "अगं, काल मंडळाच्या तिळगुळाला हे सगळ्यांना तो फोटो दाखवत फिरत होते. म्हणे ओळखा, खरा की खोटा? जयंतकाका खरा म्हणाले, तर यांनी असा हात आपटला टेबलावर की नंदाच्या साडीवर चहा!"

मी हादरलेच. फोटो त्या दोघांसाठी होता. पेशंटच्या अवयवाची प्रतिकृती म्हणजे मंडळातलं कोडं नव्हे. मी बाबांना परत फोनवर बोलावलं आणि सांगितलं.

"नाव कुठं होतं त्यावर?" ते म्हणाले.

"प्रश्न नावाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

 यापुढे फोटो पाठवणार नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. अडतीस वर्षं डॉक्टरी केलेल्या माणसाने असं वागावं, आणि तेही ज्या कानाची कड जाड आहे असं स्वतःच म्हणतात तो दाखवत, हे मला अजिबात समजलेलं नाही.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

कान दिला.

रंगाचे नऊ थर. शिरांसाठी लाल आणि निळे बारीक धागे. पाळीला किंचित गुलाबी, कारण बाईंना थंडीत तशी छटा येते. ती मी डाव्या कानावरून दोनदा तपासली. कड आता इतकी पातळ आहे की गोंद वाळल्यावर त्वचा कुठे संपते ते सहा इंचांवरूनही दिसत नाही.

मी आरसा दिला. बाईंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, केस मागे घेतले. पहिल्यांदाच लगेच काही बोलल्या नाहीत. मग हळू म्हणाल्या, "बेल्ला."

एकदाच. हे कारपार्कला म्हटलं होतं तसं नव्हतं. मी थँक यू म्हटलं. ह्यूने दारातून अंगठा वर केला.

कामाच्या कार्डामागे तो शब्द पेन्सिलने लिहून ठेवला, तारखेसह. पेशंटचा प्रतिसाद नोंदवणं आवश्यक असतं. घरी चालत आले. दाराशी पोचल्यावर कळलं की छत्री लॅबमध्येच आहे आणि मी पूर्ण भिजले आहे. माझ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शाल्मलीने विचारलं, हसतेस का? मी हसत नव्हते.


मंगळवार, ४ मार्च

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

आज तीन आठवड्यांची तपासणी होती. बाई दहा मिनिटं उशिरा आल्या. कान लावलेला होता. "कधी लावलात?" मी विचारलं. "सकाळी सातला, रोजच्यासारखा," त्या म्हणाल्या.

आमचा गोंद ओला असताना पांढरा असतो आणि पाच-सात मिनिटांत पारदर्शक होतो. बाईंच्या कानामागे तो पांढरा होता. घड्याळात पावणेअकरा.

मी कान काढून भिंगाखाली धरला. सिलिकॉनचा कान रोज लावला, काढला, धुतला, की तीन आठवड्यांत पातळ कड थोडी तरी फाटते, त्वचेचं तेल लागून पिवळट होते. ही कड मी दिली तशीच्या तशी होती. त्यांच्या पर्समध्ये कान ठेवायची आमची डबी उघडी दिसत होती, आणि बाहीवर गोंदाचा डाग. हा कान तीन आठवडे डबीत होता. तो त्यांनी आमच्याच कॉरिडॉरमधल्या टॉयलेटमध्ये, आरशासमोर उभं राहून, माझ्यासाठी लावला होता.

मग फॉर्म. तुम्ही हा कान रोज वापरता का? बाईंनी "हो"वर खूण केली. समाधान किती? दहापैकी दहा. आणखी काही सांगायचं आहे? तिथे मोठ्या अक्षरात BELLA. खाली सही. आणि जाताना माझ्या गालावर हात ठेवून तोंडीही तेच.

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. आत येऊन कामाचं कार्ड उलटं केलं आणि पेन्सिलची ती ओळ खोडून टाकली. खोडरबर नीट चालला नाही, कार्ड फाटलं.


गुरुवार, ६ मार्च

शाल्मली ए अँड ई मध्ये, म्हणजे अपघात विभागात, ज्युनियर डॉक्टर आहे. जन्म इथलाच, स्लावचा. तिचं मराठी मी आता दुरुस्त करत नाही.

"एवढं का चिडतेस? म्हातारी बाई आहे. तिला कान नाही आवडला, तुला वाईट वाटू नये म्हणून खोटा बोलली. स्वीट आहे गं हा."

"यात स्वीट काय आहे? मी विचारलं होतं. मेण असताना विचारलं. चूक सांगा म्हणून अक्षरशः विनवलं."

"पण तुला फॉर्मवर हो मिळाला ना? एक्झाम पास होशील. प्रॉब्लेम काय?"

"ते हो खोटं आहे हा प्रॉब्लेम आहे."

"उर्वी, मला रोज पेशंट शिव्या देतात. काल एकाने सँडविच फेकलं. तुला कुणीतरी ब्यूटिफुल म्हटलं म्हणून तू भांडी आपटतेस."

मी भांडी आपटत नव्हते. धुवत होते.

मला कुणी वाईट म्हटलं तर मी ते मोजून, पडताळून, दुरुस्त करू शकते. पण खोट्या सुंदरचं काय करायचं असतं? त्याने माझ्याकडून चूक दुरुस्त करण्याची संधी काढून घेतली. आणि सर्वांत संताप याचा की अकरा फेब्रुवारीला मी ते खरं मानलं. इतक्या वर्षांत एकदा मानलं.


बुधवार, १२ मार्च

ह्यूची परवानगी घेऊन, रजिस्टरमध्ये नोंद करून मी बाईंच्या घरी गेले. फोनवर एवढंच सांगितलं होतं की कानाची पाहणी करायची आहे. कार्डिफहून ट्रेनने तासभर, दरी चढत. त्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर राहतात. कॅफे आता नाही. खाली नखं रंगवण्याचं दुकान आहे.

दार उघडलं तेव्हा कान नव्हता. डोक्याला स्कार्फ होता आणि चेहऱ्यावर लाज. "लवकर आलीस," म्हणाल्या. मी वेळेवर आले होते.

"मिसेस टेडाल्डी, तुम्ही कान वापरत नाही."

"आधी कॉफी घे."

"मला कॉफी नको. तुम्ही फॉर्मवर हो लिहिलंत."

"ह्यू म्हणाला होता, या पोरीची माझ्यावर परीक्षा आहे. एका खुणेनं तुझं भलं होणार, तर मी का नाही करू?"

"मला अशी खूण नको होती. मी भीक मागितली नव्हती. मला चूक हवी होती. तुम्ही मला बेल्ला, बेल्ला म्हणत राहिलात आणि कान डबीत टाकलात!"

माझा आवाज चढला होता. पेशंटवर मी याआधी कधी आवाज चढवला नव्हता. बाई जराही घाबरल्या नाहीत. उलट त्याही तडकल्या.

"मग काय म्हणू? कुरूप म्हणू? बेल्लाच आहे तो. असा कान मी जन्मात पाहिला नाही. त्यात चूक एवढीच आहे की तो माझा नाही."

मग त्यांनी मला भिंतीकडे नेलं. कॅफेच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या, तिशीही न गाठलेल्या बाईंचा फोटो. उजवी बाजू कॅमेऱ्याकडे, केस वर बांधलेले, तोंड भरून हसू. आणि उजव्या कानाची पाळी खालपासून मधोमध चिरलेली. दोन तुकडे, एकमेकांपासून थोडे लांब.

"मार्को सहा महिन्यांचा होता. कडेवर होता. कानात सोन्याची रिंग. हिसडली त्यानं. कॅफे भरलेला, शनिवार. मी टी टॉवेल बांधला कानाला आणि बाराजणांना चहा दिला, मग डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले शिवतो, मी म्हटलं राहू दे. नंतर राहूनच गेलं. आता मार्को सत्तावन्नचा आहे, बस चालवतो. दर रविवारी येतो आणि आत पाऊल टाकलं की आधी त्या कानाकडे बघतो. सॉरी मॅम, म्हणतो, आम्ही आईला मॅमच म्हणतो. सत्तावन्न वर्षांचा माणूस! आमचा तो जोकच आहे. कान काढला तेव्हाही आम्ही हसलो, की पुराव्यासकट गेला."

त्यांनी स्कार्फवरून अंगठा फिरवला, जिथे पाळी असती तिथे.

"तुझा कान लावून बसले होते एका रविवारी. आला, बघितलं. व्हेरी स्मार्ट, मॅम, म्हणाला. आणि मग टीव्ही लावला. मला वाटलं, या कानाच्या बाईला लहान मूल कधी झालंच नव्हतं."

"हे मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

ट्रेनमध्ये ही वही उघडली आणि चौदा जानेवारीचं पान वाचलं. तिथे ते आहे, माझ्याच अक्षरात. "मार्को सहा महिन्यांचा होता ना, तेव्हा..." आणि त्यापुढे मी काय म्हटलं तेही.

आमच्या फॉर्मवर अकरा प्रश्न आहेत. तुमचा कान कसा होता, हा त्यात नाही. ज्याने तो फॉर्म बनवला त्याला मी भेटू इच्छिते. आरशातली प्रतिमा काढा म्हणे! दोन कान सारखे असतात हे कुणी ठरवलं? साताऱ्याला बाबांच्या दवाखान्यात निम्म्या बायका ओघळलेल्या, फाटलेल्या पाळ्या घेऊन यायच्या. मी सहा-सात वर्षांची होते, बाकावर बसून बघायचे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी विचारलं नाही.

कॉफी शेवटी घेतली. चांगली होती. तसं मी बोलले नाही.


मंगळवार, १८ मार्च

फॉर्मवरचं "हो" मी एका रेघेने खोडलं, शेजारी लिहिलं, "पेशंट कान वापरत नाही. कारण सोबत जोडले आहे." सही, तारीख. सोबत दोन पानं. काय चुकलं, कुठल्या टप्प्यावर, कुणाकडून. शेवटच्या रकान्यात माझं नाव.

ह्यूने ते वाचलं आणि खुर्चीत मागे रेलला. "पेशंटने सही केलेला फॉर्म होता, उर्वी. दहापैकी दहा. परीक्षक येणार, कान बघणार, तोंडात बोट घालणार, जाणार. त्यांना कुणी विचारलंय ती तो रविवारी लावते का म्हणून?"

"मी विचारलंय."

"हे परीक्षेनंतर कर. नवा कान कर, दोन कर. पण आधी पास हो. ऑगस्टमध्ये मी तुला ठेवू शकणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"ती बाई माझ्यासाठी खोटं बोलली. आता तेच मीही बोलू का?"

त्याने माझी दोन पानं फॉर्मला पिनने जोडली. मग म्हणाला, "तू फार कठीण मुलगी आहेस." हे मात्र त्याने लव्हली न लावता म्हटलं, त्यामुळे मला ते जरा बरं वाटलं.


मंगळवार, २५ मार्च

परीक्षक आले. कान भिंगाखाली पाहिला. एकजण म्हणाली, ब्यूटिफुल वर्क. मग माझी दोन पानं वाचली. निकाल: अपूर्ण. केस पेशंटच्या वापरात नाही, म्हणून गुण देता येत नाहीत. नव्या कानासह आठ जुलैला पुन्हा सादर करावी.

त्यांचं बरोबर आहे. तरीही राग आला. ज्यांनी फॉर्ममधलं "हो" न तपासता मान्य केलं असतं, त्यांनीच माझं "नाही" इतकं बारकाईने वाचावं!


रविवार, ३० मार्च

पाडवा. आईने विचारलं, गोडाचं काय केलंस? टोस्टवर जॅम, सांगितलं. मग बाबांना निकाल सांगितला. मला वाटलं, ऑगस्टचं विचारतील. ते म्हणाले, "फाटलेल्या पाळीचा फोटो आहे?"

मी म्हटलं होतं फोटो पाठवणार नाही. या वेळी मिसेस टेडाल्डींना आधीच विचारून लेखी संमती घेऊन ठेवली होती, म्हणून पाठवला: त्यांचा जुना फोटो, आणि माझं नवं मेण.

अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. "चिरेच्या कडा तू धारदार काढल्यास. फोटोतली जखम जेमतेम दोन वर्षांची असेल. तुला एक्याऐंशी वर्षांचा कान करायचाय. पन्नास वर्षांत त्या कडा गोल होतात, आत वळतात, आणि मागचा तुकडा लोंबतो. मागचा दीड मिलिमीटर खाली घे."

मागून आईचा आवाज आला, "चष्मा सापडेना तर भिंग घेऊन बसले होते. माझी पुरणपोळी गार झाली यांच्या पानात."

मी लिहून घेतलं. १.५ मिमी. कडा गोल.

मग, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा, पहिला कान चांगला होता का?"

"वरची कड जाड होती. तू पातळ केलीस ना?"

"हो."

"मग झालं."

फोन ठेवल्यावर मला स्वतःचा संताप आला. असला प्रश्न विचारून काय मिळणार होतं? दीड मिलिमीटर मात्र कामाचा आहे.


मंगळवार, २९ एप्रिल

दुसरा कान दिला.

या वेळी बाई मेणावर दोनदा येऊन गेल्या, आणि दोन्ही वेळा मी आधी त्यांना बोलू दिलं. मार्को, कॅफे, वाफेचं मशीन, टी टॉवेलचा रंग. एकूण तीन तास. त्यातली कामाची वीस मिनिटं असतील. कुठली वीस ते आधी कळत नाही, ही या पद्धतीतली गैरसोय आहे. फॉर्मवर बारावा प्रश्न घालण्याची मागणी मी लेखी केली आहे. अजून उत्तर नाही.

पाळी खालपासून चिरलेली, कडा गोल, मागचा तुकडा दीड मिलिमीटर खाली. चिरेच्या आत किंचित गडद गुलाबी. गोंद लावला, बसवला, वाळू दिला, आरसा हातात दिला.

बाई बघत राहिल्या. मी वाट पाहिली. त्यांनी अंगठा वर नेला आणि पाळीच्या चिरेत ठेवला, न बघता, नेमका. तसाच ठेवून बसल्या. मग आरसा माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, "ट्रेन किती वाजता आहे गं?"

"अकरा बावन्न."

"मग निघते. मार्को स्टेशनवर येणार आहे."

उठल्या. कोट घातला. स्कार्फ गळ्यात टाकला, डोक्याला बांधला नाही. रिसेप्शनवरच्या मुलीच्या नखांकडे बघितलंसुद्धा नाही. दाराशी वळून मला म्हणाल्या, "थंडी आहे बाहेर, काहीतरी घालत जा," आणि गेल्या.

एक्केचाळीस मिनिटं. मोजलं. एकदाही नाही.

सहा आठवडे! दोन साचे फुकट गेले, चिरेतल्या रंगासाठी मी एकवीस नमुने केले, आणि ही बाई, जी कारपार्कला बेल्ला म्हणते, ती ट्रेनची वेळ विचारून निघून जाते. ह्यूला सांगितलं तर तो हसला. एवढंच म्हणाला, "खुर्चीवर बघ."

खुर्चीवर डबी होती. कान ठेवायची, उघडी, रिकामी. त्या विसरून गेल्या होत्या.

नियमाप्रमाणे ती पोस्टाने परत पाठवायला हवी. पत्ता माझ्याकडे आहे. मी ती माझ्या खणात ठेवली आहे.